साबण-टूथपेस्टवाल्या कंपन्यांचे शेअर घ्यावेत का? दरमहा ५ हजार टाकायचेत

अनुजा_नाशिक
नमस्कार मंडळी. मी शिक्षिका आहे, डीमॅट (शेअर ठेवायचं खातं) उघडून वर्ष होत आलं पण अजून एकही शेअर घेतला नाही, धीरच होत नाही. मुलगी सातवीत आहे, तिच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी दरमहा ५ हजार काढू शकते. परवा वाणसामानाची यादी करताना डोक्यात आलं की महागाई कितीही होवो, साबण, टूथपेस्ट, खोबरेल, बिस्किटं तर घरात येणारच ना, मग ह्याच कंपन्यांचे शेअर घेतले तर पैसे सेफ राहतील का? हिंदुस्तान युनिलिव्हर, नेस्ले, मॅरिको आणि पारले अशी नावं काढलीत. मिस्टर म्हणतात एफडीच बरी. अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

विनायक_पुणे
ताई आधी पारले यादीतून काढा. पारले-जी बनवणारी कंपनी लिस्टेडच नाहीये, म्हणजे तिचे शेअर बाजारात मिळतच नाहीत, मालकांच्या घराण्याच्याच ताब्यात आहे. पारले नावाची एक कंपनी बाजारात दिसेल तुम्हाला, तिचा बिस्किटाशी काडीचा संबंध नाही, नाव बघून घेऊन बसाल.

आता मुख्य मुद्दा. माल घरात येत राहतो म्हणून शेअर वाढत राहतो असं नसतं. युनिलिव्हर, म्हणजे तेव्हाचं हिंदुस्तान लिव्हर, २००० साली अडीचशे-तीनशेच्या घरात होता आणि २०१० ला पण तिथेच. दहा वर्षं! लोकांनी लक्स आणि रिन वापरायचं थोडीच सोडलं होतं, कंपनी तोट्यातही नव्हती. पण २००० ला भावच इतका चढलेला की पुढच्या कित्येक वर्षांची वाढ त्यात आधीच धरलेली होती, त्यात २००४ ला पी अँड जी ह्या प्रतिस्पर्धी कंपनीने टाइड-एरियलचे भाव पाडले, मग ह्यांनाही सर्फचे पाडावे लागले आणि नफ्याला कात्री लागली. त्याच शेअरने पुढे २०१९ ला २००० चा आकडा पार केला. म्हणजे कंपनी तीच, पण तुम्ही कुठल्या भावाला शिरलात त्यावर सगळं. तुमच्या हातात सहा वर्षं आहेत हे विसरू नका.

किराणा_सातारा
माझं किराणा दुकान आहे, शेअरमधलं फार कळत नाही पण काउंटरवर जे दिसतं ते सांगतो. २०२५ मध्ये खोबरं इतकं भडकलं की खोबरेलच्या बाटलीवरची एमआरपी दर खेपेला नवी. नेहमी अर्धा लिटर नेणाऱ्या बायका बाटली हातात घेऊन मागे छापलेली किंमत बघायच्या, परत फळीवर ठेवायच्या आणि लहान बाटली न्यायच्या. आता कंपनीच्या हिशेबात विक्री रुपयात वाढलेलीच दिसणार, पण तेल किती खपलं? हे बघितल्याशिवाय पैसे टाकू नका.

दुसरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शांपू, टूथपेस्टचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला. बातमी आल्यापासून आम्ही माल उचलणंच थांबवलेलं, जुन्या एमआरपीचा साठा अंगावर कोण घेणार, त्यामुळे त्या तिमाहीत कंपन्यांची विक्री दबली. असल्या एका तिमाहीवरून घाबरू पण नका आणि पुढच्या तिमाहीत एकदम वाढली म्हणून हुरळून पण जाऊ नका.

मंदार_ठाणे
दादांनी काउंटरवरून सांगितलं त्यालाच व्हॉल्यूम ग्रोथ म्हणतात, म्हणजे रुपये सोडून माल किती जास्त खपला ते. युनिलिव्हर दर तिमाहीला हा आकडा वेगळा देते, तो बघायची सवय लावा.

अजून एक, रॉयल्टी. परदेशी मूळ कंपनीला ब्रँड वगैरेचे पैसे जातात. युनिलिव्हरने २०२३ मध्ये हा दर टप्प्याटप्प्याने विक्रीच्या २.६५ वरून ३.४५ टक्के करायचं ठरवलं. नेस्लेने २०२४ ला ४.५ चा ५.२५ करायचा ठराव आणला तो भागधारकांनी मतदानात पाडला, मला फार बरं वाटलं होतं तेव्हा. शेअर घेतलात की तुम्हालाही असं मत देता येतं, डीमॅटवरून ई-व्होटिंग असतं, नक्की देत जा.

डिव्हिडंडवर, म्हणजे कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते त्या पैशांवर, विसंबू नका. युनिलिव्हरने २०२३-२४ चा शेअरमागे ४२ रुपये दिला, पण शेअर दोन हजारांच्या वर, म्हणजे २ टक्के पण नाही आणि तोही तुमच्या उत्पन्नात धरून टॅक्स. माझं मत सांगू का, पोरीच्या फीचे पैसे आहेत, निम्मे आरडीत ठेवा, उरलेले साध्या निफ्टी इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या सगळ्या पन्नास कंपन्यांत थोडे थोडे पैसे टाकणारा फंड), आणि अगदीच इच्छा असेल तर त्यातले पाचशे-हजार ह्या शेअरांसाठी. फंडातले आणि शेअरांतले पैसेही शेवटच्या दोन वर्षांत हळूहळू एफडीत हलवा.

अनुजा_नाशिक
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. पारले काढलं. काल रात्री युनिलिव्हरचे निकाल उघडून व्हॉल्यूमची ओळ शोधली, दुसऱ्याच पानावर सापडली. आता मागच्या आठ तिमाह्यांचे आकडे वहीत उतरवतेय, मुलगी पण शेजारी बसून लिहितेय. मिस्टरांना आरडीचं पटलंय. किराणावाले दादा, मोठ्या बाटल्या परत खपायला लागल्यात का हो?

किराणा_सातारा
ताई माझ्याकडे तरी अजून लहानच जास्त जातेय. पण एका दुकानावरून ठरवू नका, सोमवारी सेल्समन ऑर्डर घ्यायला येतो, तो सगळ्या बाजारपेठेत माल देतो, त्याला विचारून लिहितो इथेच.