विषय: स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे आणि बाळ येतंय, कळवायचं का?

नमस्कार मंडळी,

मी लिस्टवर नवीन आहे, दिवाळीच्या कार्यक्रमात खुर्च्या उचलायला होतो तो. कॅनडात ऑंटारिओत राहतो, पीआर (कायमचा रहिवासी) आहे, सिटिझन अजून नाही. बायकोलाही पीआर मिळावं म्हणून तिची स्पॉन्सरशिप टाकलीय, आउटलँड (कॅनडाबाहेरून), ती तिकडे भारतातच आहे, थोडे दिवस सासरी थोडे माहेरी. फाइल टाकली तेव्हा काहीच नव्हतं आणि आता सातवा चालू आहे, त्यात परवा नेमकं तिच्या मेडिकलचं पत्र आलं.

ऑफिसमधला एक जण म्हणतो गप्प बस, बाळाचं सांगितलंस तर फाइल परत रांगेच्या शेवटी जाते, बायकोला एकदा येऊन लँड होऊ दे, म्हणजे पीआर होऊ दे, बाळ महिनाभर आजीजवळ राहील आणि मग त्याला सावकाश स्पॉन्सर कर. आई पण म्हणते सांगू नको, पण तिचं कारण नजर लागेल हे आहे. मला दोन्ही पटत नाहीये पण खरं सांगायचं तर उशीर होईल याची भीती वाटते, आधीच आठ महिने झालेत.

दुसरं, मेडिकलमध्ये एक्स-रे असतो ना, त्याचं काय करायचं? आणि बाळंतपणाला मी जाऊन राहिलो तर चालतं का, पॅरेंटल लीव्ह घेऊन?

– खुर्च्यावाला

*

उत्तर: स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे आणि बाळ येतंय, कळवायचं का?

अरे दादा, आधी अभिनंदन! आणि त्या ऑफिसवाल्याचं अजिबात ऐकू नकोस, अशा सल्ल्यांनी लोकांची वर्षं गेलीत.

इमिग्रेशनच्या रेग्युलेशनमध्ये ११७(९)(डी) म्हणून एक कलम आहे. तुझी बायको पीआर होते त्या क्षणी तिला मूल असेल आणि ते तिनं सांगितलेलं नसेल, त्याची तपासणी झालेली नसेल, तर पुढे तिला ते मूल फॅमिली क्लासमधून स्पॉन्सरच करता येत नाही. ‘मागाहून बघू’ म्हणतात ना, तो मागाहूनचा रस्ताच तिच्यासाठी बंद होतो. मधे काही जणांसाठी सवलत काढली होती पण तिच्या भरवशावर कोण राहतं? लँडिंगच्या वेळी ऑफिसर विचारतातच की अर्ज केल्यापासून घरात काही बदल झाला का, लग्न, मूल वगैरे. तिथे खोटं बोलणं म्हणजे आणखी वेगळं झेंगट. आणि बाळ सोबत येणार नसलं तरी सांगावंच लागतं आणि मेडिकल पण करावंच लागतं.

म्हणून आत्ताच आयआरसीसीच्या (कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या) वेबफॉर्ममधून ती प्रेग्नंट आहे आणि तारीख अमुक आहे असं कळवून ठेव, अर्जाचा नंबर आणि यूसीआय (इमिग्रेशनचा तिचा क्लायंट नंबर) घालून. जन्म झाला की परत कळव. मग बाळाचं नाव घालून ०००८ आणि ५४०६ हे फॉर्म नव्यानं, जन्मदाखला, पासपोर्ट, बाळाची फी आणि त्याचं मेडिकल. पीआर हक्काची जी वेगळी फी बायकोसाठी भरलीस ती बाळाला लागत नाही, बायोमेट्रिक्स पण नाही, १४ वर्षांखाली ते नसतंच. बायको आणि लेकरासाठी उत्पन्नाची अट सहसा नसते, पण त्यांचा खर्च उचलायचं हमीपत्र नीट वाच. बायकोची हमी ३ वर्षांची आणि बाळाची १० वर्षांची, आमचे हे तेव्हा म्हणाले होते म्हणजे बायको लवकर सुटते!

उशीर होतो का? होतो. आमचा झाला, पण फाइल शेवटी वगैरे गेली नाही, आहे तिथेच बाळाच्या कागदांची वाट बघत थांबली. आणि जास्त वेळ घालवला तो आमच्याच घोळानं. हॉस्पिटलमध्ये जन्मनोंदीचा फॉर्म भरायला बसल्या सासूबाई, मी भुलीत. त्यांनी हौसेनं माझं सासरचं नाव लिहिलं, मधे ह्यांचं नाव, शेवटी आडनाव, आणि माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा. म्हणजे दाखल्यावर आई म्हणून जी बाई होती ती कागदोपत्री मी नव्हतेच. दुरुस्तीला अडीच महिने गेले, रोज कोणीतरी महापालिकेत, आज साहेब नाहीत उद्या या. तेव्हा पासपोर्टवरचं नाव स्पेलिंगसकट एका चिठ्ठीवर लिहून बायकोच्या हॉस्पिटलच्या पिशवीत ठेव आणि सासूबाईंना पण एक दे. बाळाचं नाव पण लगेच ठरवा, बारशाची वाट बघत बसू नका, नावाशिवाय पासपोर्ट कसा काढणार. तू इकडे असशील तर तुझं ॲफिडेव्हिट भारतीय कॉन्सुलेटमधून करून पाठवावं लागेल, ते जन्माआधीच कसं करतात विचारून ठेव.

एक्स-रेचं, पॅनेल डॉक्टरला (इमिग्रेशननं ठरवून दिलेल्या) आधीच सांगायचं गरोदर आहे म्हणून, तो बाळंतपणानंतर करता येतो. माझा तसाच केला. मेडिकल १२ महिने चालतं एवढं लक्षात ठेव, फार रेंगाळलं तर परत करायला सांगतात.

– दोन मुलांची आई

*

उत्तर: उत्तर: स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे…

माझ्या माहितीप्रमाणे बाप इकडचा असला की बाळ आपोआप कॅनेडियन. आमच्या पुतण्याचं तसंच झालं. मग एवढी उठाठेव कशाला?

– काका (नाट्यशाखा)

*

उत्तर: उत्तर: उत्तर: स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे…

काका, तुमचा पुतण्या सिटिझन असणार. बाप जन्माच्या वेळी सिटिझन असेल, मग तो इथे जन्मलेला असो की शपथ घेऊन झालेला, तर बाळ तिकडे जन्मलं तरी सिटिझन. त्याला स्पॉन्सर करतच नाहीत, सिटिझनशिपचं सर्टिफिकेट काढायचं, फक्त बायकोच्या फाइलमध्ये बाळ झालं हे तरी कळवायचंच. हा दादा पीआर आहे, त्याला हे लागू नाही. बाळ इथे जन्मलं तर प्रश्नच नाही, मग आईबाप कोणीही असोत (डिप्लोमॅट सोडून).

पण म्हणून तिला घाईघाईनं व्हिजिटर व्हिसावर आणू नकोस रे. माझी बायको इनलँडमध्ये होती, म्हणजे इथेच राहून अर्ज केलेला, ओहिप (ऑंटारिओचा सरकारी आरोग्य विमा) मिळायच्या आधीच बाळंत झाली. मिडवाइफचे पैसे पडले नाहीत पण हॉस्पिटलचं बिल पूर्ण आमच्या अंगावर, आणि ॲडमिट करताना काउंटरवर ती कळा देतेय आणि मी कार्डाची लिमिट वाढवून घेतोय फोनवर, होल्डचं म्युझिक चालू. ते म्युझिक कुठे वाजलं की अजून घाम फुटतो.

लीव्हचं: कामाचे ६०० तास भरलेले असतील तर ईआयचे (सरकारी रोजगार विम्याचे) पॅरेंटलचे पैसे देशाबाहेर असलास तरी मिळतात, स्टँडर्ड पर्यायात एका पालकाला ३५ आठवड्यांपर्यंत. पण तू पीआर आहेस, पीआर स्पॉन्सरनं कॅनडातच राहत असायला हवं. सिटिझनला सूट आहे, आपल्याला नाही. जाऊन ये, पण सहा-सात महिने ठाण मांडून बसू नकोस. भाडेकरार, नोकरीचं पत्र चालू ठेव.

– बॅडमिंटनवाला

*

उत्तर: स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे…

मंडळी,

उशिरा लिहितोय, माफ करा. मुलगी झाली! प्रेग्नन्सीचं त्याच दिवशी कळवलं होतं, जन्माचं पण कळवलं, साडेतीन आठवड्यांनी कागद मागणारं पत्र आलं. पाच आठवडे राहून आलो. चिठ्ठी कामाला आली, नर्सनं फॉर्मवर बायकोचं आडनाव बदललंच होतं, सासूबाईंनी चष्मा लावून अक्षर अक्षर लावलं आणि परत लिहायला लावलं.

पासपोर्टचा फोटो मात्र! पांढऱ्या चादरीवर झोपवायचं, डोळे उघडे, तोंड बंद, सावली नको. तिचे डोळे उघडले की तोंड पण उघडतं. मेव्हण्यानं स्टुलावर उभं राहून चाळीस-पन्नास फोटो काढले, त्यातला एक चालला, आणि त्यात ती आमच्या आईसारखी रागावलेली दिसते. आईनं आता नजरेचं सोडून तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय.

दोघींचं मेडिकल झालं, एक्स-रे पण. आता वाट बघतोय. कोणाकडे बाळाची कार सीट पडून असेल तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन.

– खुर्च्यावाला

*

उत्तर: उत्तर: स्पॉन्सरशिपची फाइल चालू आहे…

आमच्या गराजमध्ये आहे, पण सीटवर एक्स्पायरी डेट छापलेली असते रे, आमची दोन वर्षांपूर्वीच संपली. नवीनच घे. कपडे मात्र दोन बॅगा भरून आहेत, शनिवारी ये.

– दोन मुलांची आई