शब्दचर्चा : तडजोड, पळवाट, तोड आणि समंजसपणा

प्रश्न

हिल्लेल आणि शम्माई या दोन ज्यू धर्मगुरूंवर लेख लिहितो आहे. दोघे साधारण दोन हजार वर्षांपूर्वी जेरुसलेममध्ये शिकवत. शम्माई नियमाला कडक, हिल्लेल माणूस पाहून मार्ग काढणारा. पण शम्माईला 'तत्त्वनिष्ठ' म्हटले की हिल्लेल आपोआप तत्त्वशून्य वाटू लागतो. 'तडजोड करणारा' तर अगदीच नको. रोजच्या जगण्यातही तत्त्वाला पक्की आणि तरी चार माणसांत सांभाळून घेणारी माणसे असतात. त्यांना मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद

तत्त्वनिष्ठ दोघांनाही म्हणा. शम्माईसाठी 'काटेकोर' चालेल, 'ताठर' लिहू नका. येणाऱ्या प्रत्येकाचे प्रसन्न मुखाने स्वागत करा, हे मिश्नेतले, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहातले, वचन त्याच्याच नावावर आहे.

हिल्लेलची खरी ओळख 'प्रोझबूल'मध्ये दिसते. दर सातव्या वर्षी कर्जे माफ व्हावीत, अशी तोराची, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची, आज्ञा. ते वर्ष जवळ आले की लोक गरिबांना उसने देईनात. तेव्हा हिल्लेलने एक दस्त सुरू केला. धनको आपले येणे न्यायालयाच्या हवाली करी, आणि ते वसूल करता येई.

प्रतिसाद

मग ही पळवाटच की! आज्ञा कर्ज माफ करा म्हणते आणि कागद केला की माफी टळते.

प्रतिसाद

पळवाट माणूस स्वतः सुटण्यासाठी शोधतो. माफीचे वर्ष आले म्हणून गरिबाला नाही म्हणू नका, हेही तोराच त्याच ठिकाणी बजावते. हिल्लेलने ही दुसरी आज्ञा वाचवली आणि पहिली पुसलीही नाही. 'तोड काढली' हा आपला वाक्प्रचार इथे चपखल बसतो. तडजोडीत दोन्ही पक्ष थोडे थोडे सोडतात. तोड निघते तेव्हा अडलेले काम पुढे जाते.

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाकडे पाहा. तेल गाळण्याचा धंदा, पण शब्बाथ म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा दिवस असल्याने शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. तिथे माघार नाही. मांसासोबत दूध खायचे नाही, हा नियमही तसाच पक्का. मग स्वयंपाकात नारळाचे दूध आले. हीसुद्धा तोडच.

प्रतिसाद

'तारतम्य' राहिले की. काय अधिक मोलाचे आणि काय कमी, याची जाण म्हणजे तारतम्य. जीव धोक्यात असेल तर शब्बाथ मोडायचा, हा ज्यू धर्मशास्त्राचाच नियम आहे. त्याला 'आपद्धर्म' म्हणावे असे आधी वाटते, पण आपद्धर्मात नाइलाजाने घेतलेल्या सवलतीची छटा आहे. इथे शब्बाथ मोडणे हेच कर्तव्य. मायमोनिदीझ हा मध्ययुगातला ज्यू धर्मपंडित तर सांगतो की हे काम परधर्मीयांवर किंवा मुलांवर सोपवू नये, मोठ्या पंडितांनी स्वतः करावे. जेरुसलेमचा तालमूद, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चेचा ग्रंथ, आणखी पुढे जातो : अशा वेळी परवानगी विचारत बसणारा रक्त सांडतो. आणि तारतम्यालाही सीमा आहे. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि खून, या तीन गोष्टी जीव वाचवण्यासाठीही करायच्या नाहीत.

प्रतिसाद

'महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळे वाचती' आपण शाळेपासून ऐकतो. तालमूदमध्येही माणसाने बोरूसारखे मऊ असावे, देवदारासारखे कठीण नसावे, असे वचन आहे. पण त्याचे पुढचे कारण मला फार आवडते : म्हणूनच तोरा लिहायची लेखणी होण्याचा मान बोरूला मिळाला. आपले लव्हाळे वाकते आणि वाचते. हा बोरू वाकतो आणि त्याच्या हातून धर्मग्रंथ लिहिला जातो, ज्यात एक अक्षर गळले तरी ती प्रत वाचनाला चालत नाही. लेखणी मऊ, अक्षर पक्के. तुमच्या लेखात हे यायलाच हवे.

प्रश्नकर्ता

नक्की घेतो. प्रोझबूलसाठी 'तोड काढली', शब्बाथसाठी 'तारतम्य'. पण खुद्द हिल्लेलसाठी विशेषण?

प्रतिसाद

'समंजस'. हिल्लेल आणि शम्माई यांच्या पंथांत तीन वर्षे वाद चालला. शेवटी दोन्ही मते जिवंत देवाचीच वचने ठरली, पण आचरणासाठी हिल्लेलचा पंथ मान्य झाला. कारण ते मृदू होते, दोन्ही मते शिकवत आणि शम्माईच्या पंथाचे मत आपल्या आधी सांगत.

एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्याकडे 'तू समंजस आहेस ना, मग तू सोड' असे म्हणून घरातल्या एकाच माणसाला, बहुधा सुनेला किंवा थोरल्या मुलीला, दर वेळी गप्प बसवतात. शब्दाला ती कळा आली आहे. हिल्लेलच्या शिष्यांनी समोरच्याचे मत आधी मांडले आणि त्यानंतर आपलेही मांडलेच. लेखात दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येऊ द्या.