डोक्यावर आधीच कर्ज असताना पहिलं घर घेतलंत? या, सांगा

खाडीकाठ
गणपतीच्या आधी माळा आवरायला काढला. मखराच्या खोक्याखाली एक पिशवी, त्यात पतसंस्थेची सोनेतारणाची पावती. चार बांगड्या, एक गोफ. बायको म्हणाली, फेक आता. नाही फेकवली.

2020 ची गोष्ट. रत्नागिरीत भाड्याने राहत होतो. बाबांच्या बायपाससाठी काढलेलं 3 लाखांचं पर्सनल लोन, 14 टक्के, महिना 10,253, पावणेदोन वर्षं बाकी. त्यात सरकारने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरवलं, 31 डिसेंबरपर्यंत. 24 लाखांच्या फ्लॅटवर 72 हजार वाचणार! तेवढ्यासाठी 24 लाख खर्च केलेस, असं मेहुणा अजून चिडवतो.

बँकेत गेलो. हातात पगार 42 हजार. सगळे हप्ते मिळून निम्म्यात बसायला हवेत म्हणाले, त्यातून पर्सनल लोनचे 10 हजार आधीच गेले. मिळणार जेमतेम 14 लाख. वरचे 10 कुठून आणू?

मग बायकोने कपाट उघडलं. सोनं ठेवून पर्सनल लोनची राहिलेली 1 लाख 90 हजारांची बाकी मिटवली आणि 19 लाखांचं गृहकर्ज बसलं, 7 टक्क्यांनी, हप्ता 14,731. पतसंस्थेचं कर्ज बँकेने काढलेल्या क्रेडिट रिपोर्टात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितोय.

तुमचं काय?

आंबोळी
बायकोने कपाट उघडलं, एवढंच लिहिलंत. ती काही बोलली का तेव्हा?

खाडीकाठ
"गोफ शेवटी ठेवा" म्हणाली. तिच्या आईचा होता. शेवटी तोही लागला.

आंबोळी
😔 फोडणी जळली माझी वाचताना. येते परत.

मालवणी_मुलूख
मोबाईलवर मालवणी टायपूक वेळ लागता म्हणून शुद्ध मराठीत. कुडाळला घर घ्यायचं ठरलं, बाईकचं कर्ज होतं तेवढंच, बिनधास्त गेलो. साहेब म्हणाले तुमच्या नावावर थकीत कर्ज आहे. म्हटलं, माझा नाय! तर मावसभावाच्या रिक्षाला मी जामीन राहिलेला. सही केली तेव्हा त्याने वडे-सागोती खायला घातली होती, तेवढंच आठवत होतं. त्याने आठ हप्ते चुकवलेले. माझा क्रेडिट स्कोअर सहाशेच्या खाली. दीड वर्ष गेलं निस्तरण्यात, तोवर त्या बिल्डिंगचा भाव वाढला. भाऊ अजून शिमग्याला येता, काय बोलतलास?

दापोलीकर_सध्या_ठाण्यात
वडे-सागोतीची सही 😂😂 आमच्याकडे तर नुसत्या चहावर करतात

एकटी_पण_हप्त्यासकट
चिपळूण. एप्रिल 2021, तळमजला. त्याच महिन्यापासून बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत सुरू झाली होती, म्हणून एकटीच्या नावावर. भावाच्या शिक्षणाचं कर्ज मीच फेडत होते, वर क्रेडिट कार्डावर फ्रिज, पलंग, पडदे. पडद्यांचं अजून वाईट वाटतं, इतके छान होते.

22 जुलैला पाणी आलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन रात्री काढल्या. खाली आले तर पलंग उभा, फ्रिज आडवा आणि गुडघाभर चिखल. 5 तारखेला हप्ता कापला गेला, वेळेवर. कार्डावरचे फ्रिजचे हप्ते अजून नऊ बाकी होते, फ्रिज भंगारात.

विकून टाकावं म्हटलं तर सवलतीची अट, पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. (2023 मध्ये काढली ती.) चिखलातला फ्लॅट घेणारी बाई आणू कुठून? राहिले तिथेच. आता तळमजल्यावर कोणी फ्रिज जमिनीवर ठेवत नाही आमच्याकडे, सगळे चिऱ्यावर.

आंबोळी
आले. एकटीताई, कुठल्या भागात? माझी नणंद बाजारपेठेत होती, तिचं दुकानच गेलं.

एकटी_पण_हप्त्यासकट
भाग नाही सांगत, लगेच ओळखतील. नणंद ठीक आहे ना?

आंबोळी
ठीक. आता वर गाळा घेतलाय. कर्जावरच 🙂

सातबारा_सामाईक
तुम्ही नशीबवान, गृहकर्ज तरी मिळालं. आमचं राजापूरकडचं घर, सातबाऱ्यावर 23 नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन वारलेली, वारस लागलेले नाहीत. बँक दारात उभं करत नाही. पावसात मागची पडवी बसली म्हणून पर्सनल लोन काढून चिऱ्याची दोन खणं बांधली. पहिलं घर म्हणायचं का हे? बांधलं मी, नाव आजोबांचं. गणपतीत चुलते येतात आणि माझ्याच नव्या खोलीत झोपून विचारतात, जागा कमी नाही का घेतलीस?

दापोलीकर_सध्या_ठाण्यात
चुलत्यांचा धागा वेगळा काढा, हजार प्रतिसाद पक्के.

बँकेतला_काका
तीस वर्षं कर्ज विभागात काढली, म्हणून दोन शब्द. खाडीकाठ, कर्ज लपवणं चूक होतं. बँकेसाठी नंतर, आधी तुमच्यासाठीच. हप्ता झेपतो की नाही ते आम्ही समोरच्या आकड्यांवरून ठरवतो, अर्धे आकडे माळ्यावर ठेवलेत तर हिशोब चुकणारच. मालवणी, जामीन म्हणजे कर्जच धरायचं. आणि जुनं काहीही मिटवलंत तर ना-देय दाखला हातात घेतल्याशिवाय उठू नका.

खाडीकाठ
काका, मान्य. शिक्षाही झाली. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला, त्याबरोबर माझा हप्ता साडेसतरा हजारांवर. पतसंस्थेचं व्याज दर वर्षी भरून मुदत वाढवत होतो, त्या वर्षी तेही जमेना. सोनं लिलावात जाईल या भीतीने झोप नाही. शेवटी मेहुण्याला सांगितलं. तोच, 72 हजारवाला. त्याने बोलणी न घालता पैसे दिले, तेव्हापासून त्याला चिडवायचा हक्क आहे.

आंबोळी
म्हणजे गोफ आला परत?

खाडीकाठ
आला. बायको गौरीला घालते.

मालवणी_मुलूख
बरा झाला. मखर कसला केलास यंदा? थर्माकोल नको हां.

खाडीकाठ
पुठ्ठ्याचं. गॅलरीतून पाणी झिरपतंय त्याच्या मागे, ती वेगळीच कथा.

दापोलीकर_सध्या_ठाण्यात
गळती कुठून, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून? आमच्याकडे तेच. सोसायटी म्हणते तुमचं तुम्ही बघा.

बँकेतला_काका
ते गळतीचं नंतर. त्या पावतीवर कर्ज मिटल्याचा शिक्का आहे का, आधी बघा.

खाडीकाठ
काका, पिशवी परत मखराच्या खोक्याखाली गेली हो! थांबा, शिडी आणतो.