मदत हवी आहे: ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड, बजेट २० हजार, मुक्काम सोलापूर

पूर्वभागकर:

नमस्कार मंडळी,

ओव्हरक्लॉकिंगसाठी (प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्यासाठी) प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलायचा आहे, जाणकारांचा सल्ला हवा. कुलर धरून २० हजारांच्या आत बसवायचंय. रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आहे तेच ठेवणार.

सध्याचं मशीन: रायझन ३ २२००जी, ए३२० चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड (व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, उष्णता काढणारा हीटसिंक नाही), डीडीआर४ ३२०० च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड, ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस. कॅबिनेटला पुढे दोन पंखे, मागे एक.

काम काय ते आधी सांगतो, कारण निवड त्यावरच ठरणार. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे, जेकार्डची (विणकामातल्या नक्षीची) डिझाइनं मी करतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला २२००जी अजून पुरतो. अडतं ते पुढे. हल्ली पार्टी सॅम्पल विणून होईपर्यंत थांबत नाही. टॉवेल घडी घातल्यावर कसा दिसेल, टांगल्यावर कसा दिसेल, त्याची चित्रं आधी मागते. ती मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करतो. टेरीचे उभे लूप खरे वाटायला हवेत म्हणून हजारो केसांसारखे धागे उभे करावे लागतात, आणि १६५० ची ४ जीबी मेमरी तिथेच संपते. मग रेंडर (अंतिम चित्र काढायचं काम) प्रोसेसरवर टाकायचा. ४ कोर, ४ थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. रात्री लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं. रंग बदलून पाहिजे असं पार्टीने सांगितलं की पुन्हा एक रात्र. थोडंफार गेमिंग होतं, पण पहिलं काम हेच.

आता ओव्हरक्लॉकिंगच कशाला, असं कुणी विचारेल. मला ते शिकायचंच आहे, मनापासून. २२००जी अनलॉक्ड आहे (वेग वाढवता येतो), पण ए३२० च्या बायॉसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) तो पर्यायच येत नाही. एएमडीने प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग बी आणि एक्स मालिकेच्या चिपसेटना दिलंय, ए मालिकेला नाही. म्हणजे बोर्ड बदलल्याशिवाय सुरुवातच नाही.

आतापर्यंत वाचून जे समजलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

इथल्या दुकानदाराने इंटेलचा आय५ १२४००एफ आणि बी७६० बोर्ड सुचवला. प्रोसेसर चांगलाच आहे, ६ कोर १२ थ्रेड. पण इंटेलमध्ये नावापुढे के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा बोर्ड, अशी जोडी असेल तरच कोरचा वेग वाढवता येतो. बी७६० वर रॅम वाढवता येते, तेवढंच. के आणि झेड दोन्ही घ्यायचं तर बजेट फाटतं.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर रायझन ५ ७६०० मोहात पाडतो. पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतील ही मोठी सोय. पण तिथे डीडीआर५ शिवाय चालत नाही, म्हणजे माझी रॅम बाद. आणि त्यातला स्वस्त ए६२० बोर्ड घेतला तर तिथेही ओव्हरक्लॉकिंगचं दार बंद.

राहिला एएम४, म्हणजे माझ्या सध्याच्या बोर्डाचाच सॉकेट. रायझन ५ ५६०० किंवा ५५००, सोबत बी४५० किंवा बी५५०. दोन्ही ६ कोर १२ थ्रेड, पण ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे आणि ५५०० ला १६.

माझी खरी काळजी वेगळी आहे. परदेशातले सगळे व्हिडिओ २०-२२ अंशांच्या खोलीत केलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याखालच्या ऑफिसात दुपारी पंखा गरम हवाच फेकतो. एसी नाही. त्यात लूम (यंत्रमाग) चालू-बंद होताना व्होल्टेज खाली-वर होतं. अशा ठिकाणी ओव्हरक्लॉक केलेलं मशीन रात्रभर रेंडर करू शकेल का? पैसे बोर्डावर जास्त घालू की कुलरवर? आणि हाताने सगळ्या कोरचा वेग ठरवायचा, की पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवायची सोय) वापरायचं?

खरेदी पुण्यात होईल किंवा सिकंदराबादला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये. नातेवाईक तिकडे आहेत, जाणं-येणं असतंच.

आगाऊ धन्यवाद.

सर्किटवेडा:

इतकी नीट माहिती देऊन विचारलंत, बरं वाटलं. सरळ उत्तर देतो: ५६०० घ्या आणि साधा पण हीटसिंकवाला बी५५० बोर्ड घ्या. ५५०० ने रेंडरचं काम होईल, पण पुढे मोठं ग्राफिक्स कार्ड घेतलंत तर गेम खेळताना निम्म्या कॅशचा फरक जाणवेल. शिवाय तो पीसीआयई ३ वरच (ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाची जुनी पिढी) थांबतो. उद्या १६५० बदलून कमी लेनचं (जोडणीचे मार्ग कमी असलेलं) कार्ड घेतलंत तर तिथे अडकाल.

अपेक्षा मात्र आधीच पक्की करून ठेवा. २२००जी वरून ५६०० वर गेलात की रेंडर ढोबळमानाने तिप्पट वेगाने होईल. त्यावर ओव्हरक्लॉकिंगने जे मिळेल ते ५-७ टक्के. म्हणजे रात्रभराचं काम दोन-तीन तासांवर येणार ते प्रोसेसरमुळे, आणि ओव्हरक्लॉकिंग त्यातली काही मिनिटं वाचवणार. गेममध्ये १६५० च आधी दमतं, तिथे प्रोसेसर वाढवून काही हाती लागणार नाही. तरीही शिकायचंय म्हणता, तर जरूर शिका, ५६०० त्यासाठी चांगला प्रोसेसर आहे.

बोर्डाबद्दल. ५६०० चा टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, सॉकेटमधून तो मुळात ७६ वॅटपर्यंतच ओढतो. पीबीओने मर्यादा ११० च्या आसपास नेली तरी बी५५० चे साधे बोर्ड ते पेलतात. व्हीआरएमवर हीटसिंक असलाच पाहिजे, एवढी एक अट पाळा. १४ फेजचा (व्हीआरएमचे १४ भाग असलेला), दिव्यांचा बोर्ड १६ कोरच्या प्रोसेसरसाठी असतो, त्याला पैसे घालू नका. ते कुलरला द्या. सोबत येतो तो छोटा कुलर सोलापूरच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉकिंगला पुरणार नाही. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कुलर घ्या, डीपकूलचा एके४०० किंवा त्या तोडीचा कुठलाही.

आता पीबीओ की मॅन्युअल. झेन ३ मध्ये (५६०० ची पिढी) मॅन्युअल ऑल-कोर मला पटत नाही. सगळे कोर एका वेगावर बांधले की एक-दोन कोरवर चालणाऱ्या कामात मिळणारा नैसर्गिक बूस्ट (आपोआप वाढणारा वेग) जातो, आणि मशीन रिकामं असतानाही व्होल्टेज तिथेच राहतं. पीबीओमध्ये बूस्टची कमाल मर्यादा २०० मेगाहर्ट्झपर्यंत वर नेता येते आणि कर्व्ह ऑप्टिमायझरने प्रत्येक कोरचं व्होल्टेज थोडं खाली ओढता येतं. त्याच उष्णतेत प्रोसेसर जास्त वेगाने पळतो. तुमच्या हवामानात महत्त्वाचं ते हेच.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) तासभर चाललं म्हणजे सेटिंग स्थिर आहे असं नाही. व्होल्टेज कमी पडतं ते पूर्ण भारावर नाही, तर हलक्या कामात, जेव्हा एकच कोर सगळ्यात वर उडी मारतो. म्हणून रेंडर रात्रभर नीट होतो आणि सकाळी ब्राउझर उघडताना मशीन अचानक रीस्टार्ट होतं. सगळ्या कोरना उणे १० ने सुरुवात करा, कोरसायकलर (एकेका कोरची चाचणी घेणारं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवा, मग एकेक कोर आणखी उणे न्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअरमधल्या चुकीची) नोंद दिसली की तो कोर मागे घ्या, मशीन बंद पडायची वाट बघू नका.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे. कुलर खोलीच्या तापमानाच्या वर किती अंश ठेवतो, ते साधारण ठरलेलं असतं. डिसेंबरात २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६५ दाखवत असेल, तर मे महिन्यात ४० च्या खोलीत तो ८३ दाखवणार. ५६०० ची मर्यादा ९० आहे. म्हणून हिवाळ्यात केलेल्या सेटिंगवर विसंबू नका. पीबीओमध्ये तापमानाची मर्यादा घालायची सोय असते, ती ८० वर ठेवा. उन्हाळ्यात वेग आपोआप थोडा उतरेल, काम थांबणार नाही.

रॅम ३२०० वरून ३६०० वर जाते का तेही बघा. फॅब्रिक (प्रोसेसरमधले भाग जोडणारा दुवा) १८०० वर बरोबरीने चालला तर मोठ्या कार्डावर गेममध्ये फरक पडतो, रेंडरमध्ये नगण्य. आणि लक्षात असू द्या, पीबीओ असो की मॅन्युअल, त्याने नुकसान झालं तर एएमडी वॉरंटी देत नाही. खरेदी करताना बॉक्सवालाच प्रोसेसर घ्या. ट्रेमधला स्वस्त पडतो, पण त्याला कंपनीची वॉरंटी नसते, सगळं दुकानदाराच्या शब्दावर.

होटगीकर:

वरचं सगळं बरोबर हाय, पण पूर्वभागकर, कारखान्यात मशीन ठेवणार असाल तर माझं पण ऐका. आमचेपण लूम आहेत.

उन्हापेक्षा रुई वाईट. टेरीच्या लूमची रुई हवेत तरंगत असते, ती कुलरच्या पट्ट्यांच्या तोंडावर येऊन बसते. टॉवर कुलरचा पंखा काढून बघा, समोरच्या बाजूला पांढरी गादी तयार झालेली दिसंल. पंखा फिरतोय, आवाज येतोय, पण हवा आत जात नाही. बाहेरून कायच कळत नाही. आमच्या ऑफिसातलं मशीन उन्हाळ्यात सारखं बंद पडायचं, सगळे ऊन ऊन म्हणत होते, कुलर उघडला आणि ती गादी सोलून काढली की तापमान एकदम खाली.

पुढच्या पंख्यांना बारीक जाळी लावा, आणि पुढचे पंखे मागच्यापेक्षा जास्त वेगाने फिरू द्या, म्हणजे हवा जाळीतूनच आत येईल, फटीफटीतून नाही. साफ करताना ब्लोअर मारायचा तर पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून त्याची बेअरिंग जाते. जमलं तर मशीन लूमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत न्या, निम्मा त्रास तिथंच मिटतो.

व्होल्टेजचं म्हणाल तर ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. ५६०० आणि १६५० ला तो पुरतो, पण मॉनिटर धरून हिशोब करा. बायॉस अपडेट करताना यूपीएस नसंल तर हातच लावू नका. मधेच लाइट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो.

पूर्वभागकर:

दोघांचेही मनापासून आभार. रुईचं कुणी सांगितलं नव्हतं. आजच कुलर उघडला, पट्ट्यांमध्ये बोट घातलं तर रुईचा पदर निघाला. मशीन आत, डिझाइनच्या खोलीत हलवतोय. जाळीही लावतो.

५६०० नक्की केला. एकच अडचण राहिली. सगळे पैसे एकदम निघत नाहीत, हंगाम संपेपर्यंत पार्टीकडून येणं बाकी आहे. या महिन्यात बी५५० बोर्ड आणि कुलर घेऊन त्यावर जुना २२००जी चालवला, आणि पुढच्या महिन्यात ५६०० घेतला तर? तोपर्यंत २२००जी वरच ओव्हरक्लॉकिंगचा हात बसेल असं वाटतं.

सर्किटवेडा:

थांबा, बी५५० वर २२००जी चालत नाही. त्या चिपसेटला रायझन ३००० पासून पुढचे प्रोसेसर लागतात, आणि त्यातही ३२००जी, ३४००जी नाहीत. बोर्ड आणलात तर स्क्रीनच येणार नाही.

टप्प्याटप्प्याने घ्यायचं असेल तर दोन वाटा आहेत. पहिली, बी४५० चा चांगला बोर्ड. त्यावर २२००जी चालतो, ओव्हरक्लॉकही होतो, आणि त्याच्याच साहाय्याने बायॉस अपडेट करून पुढे ५६०० बसवता येतो. पीसीआयई ३ वर राहाल, पण १६५० तशीही ३ चीच आहे. बोर्ड निवडताना कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसरची यादी उघडून दोन्ही नावं तपासा. काही जुन्या बोर्डांच्या नव्या बायॉसमध्ये जागेअभावी जुने प्रोसेसर काढून टाकलेत.

दुसरी वाट उलटी, आणि मी तीच घेईन. आधी ५६०० घ्या आणि तो आहे त्या ए३२० वरच बसवा. २०२२ पासून एएमडीने ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिका मोकळी केली आहे. तुमच्या मॉडेलला तो बायॉस आला आहे का ते बघा, यूपीएसवर अपडेट करा, मग प्रोसेसर बदला. सेटिंगला हात लावायचा नाही, आहे तसा चालवायचा. हीटसिंक नाही, म्हणून मागचा पंखा व्हीआरएमवरून हवा ओढतोय याची खात्री करा. रेंडरचा वेळ याच महिन्यात कमी होईल, आणि कमावून देणारी गोष्ट तीच आहे. पैसे आले की बी५५० आणि कुलर घ्या, आणि मग निवांत ओव्हरक्लॉकिंग शिका.

बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि सध्याची बायॉस आवृत्ती इथे टाका. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेनबोर्ड पानावर दोन्ही दिसतात.

पूर्वभागकर:

उलटी वाट पटली. संध्याकाळी लूम बंद झाले की सीपीयू-झेड चालवून मॉडेल टाकतो. होटगीकर, तुमच्याकडे यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यात किती टिकते तेही सांगा, आमची दुसऱ्याच वर्षी फुगली.