जमावाच्या मारहाणीत भावाचं नाव आलंय, सेशन कोर्टात जामीन देताना काय पाहतात?

कापूसवाला: दीड महिन्याआधी आमच्या गावात भानामतीच्या संशयावरून एका म्हाताऱ्याला चावडीसमोर खांबाला बांधून मारलं. वाचले ते, पण बरगड्या मोडल्या. एफआयआरमध्ये १२ नावं अन् "इतर ३०-४०". त्यात माझा लहान भाऊ आहे, तिथं होता हे खरं, पण हात लावला नाही म्हणते. भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ (खुनाचा प्रयत्न), १८९, १९०, १९१ (बेकायदा जमाव अन् दंगा) अन् जादूटोणाविरोधी कायदा लावला. खालच्या कोर्टानं जामीन नाकारला. गावातले म्हणतात गर्दीत कोण कोणाले ओळखते, सुटतेच. मले ते पटत नाही अन् माय रोज रडते.

तालुका_वकील: १९० म्हणजे जुन्या दंड संहितेतलं (आयपीसी) १४९, जमावाचा उद्देश एकच होता असं ठरलं तर न मारणाराही तेवढाच दोषी. पण जामिनाच्या वेळी एकेकाची भूमिका पाहतात, म्हणजे जखमीच्या जबाबात नाव आहे का, काठी कोणाकडून जप्त झाली, दोर कोणी आणला. ९० दिवसांत चार्जशीट (पोलिसांचं आरोपपत्र) आली नाही तर जामीन हक्काने मागता येते. अन् साक्षीदार गावातलेच असल्यानं सुटला तरी गावात पाय ठेवायचा नाही अशी अट लागू शकते, तयारी ठेवा.

काकाजीची_पुतणी: दादा, आमच्या काकाजीले असंच मारलं होतं. सुटलेले पोट्टे दुसऱ्या दिवशी आमच्या दारावरून गाड्या घेऊन फिरले, माय महिनाभर हातपंपावर गेली नाही. जामिनाच्या वेळी आमचं कोणी ऐकलंच नाही. २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या (उत्तर प्रदेशात शेतकऱ्यांवर गाडी घातली त्या) केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पीडिताचं म्हणणं ऐकून घ्यायलाच पाहिजे, अन् हायकोर्टानं दिलेला जामीन रद्द केला. २०२१ मध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात वणी खुर्दला भर चौकात म्हाताऱ्या माणसांना बांधून मारलं तेव्हाही लोक पाहतच होते ना. तुमचा भाऊ तिथं उभा राहून काय करत होता, हे आधी त्याले विचारा.

कापूसवाला: विचारलं ताई. व्हिडिओ काढत होता. मले व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो आहे माझ्याजवळ. त्यात मारताना दिसत नाही तो, पण सोडा असंही म्हणत नाही. घरचे म्हणतात डिलीट कर.

तालुका_वकील: अजिबात नको. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यात तुम्हीही अडकाल. उद्याच तुमच्या वकिलाला दाखवा.

कापूसवाला: दाखवतो. म्हातारबाले दवाखान्यात भेटून यावं का?

काकाजीची_पुतणी: आता नका जाऊ. आमच्याकडं आले होते एकाचे वडील, हात जोडूनच आले होते, पण काकाजी त्यायले पाहून थरथर कापायले लागले.