मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाचा प्राधान्यक्रम कसा ठरवावा? (अनुभव धागा)

धागाकर्ता
सरकारी पैशावर चालणाऱ्या, तीस-चाळीस हजारांहून जास्त विद्यार्थी असलेल्या विद्यापीठाचा पाच-दहा वर्षांचा आराखडा ज्यांनी प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी इथे लिहावं. ध्येय आणि मूल्यांची पानं सगळ्यांकडे असतातच. आधी काय मोजायचं, निर्णय कोणत्या टप्प्यावर घ्यायचा आणि गाडं कुठे अडतं, तेवढं हवं आहे.

वित्त विभागातून
सुरुवात मोकळ्या पैशापासून करा. एकूण खर्च 100 धरला आणि पगार-निवृत्तिवेतनाला 70, वीज-पाणी-देखभालीला 15, शिष्यवृत्त्यांना 8 गेले, तर 7 उरतात. त्यातले 4 चालू बांधकामांना आधीच कबूल केलेले असले की हातात 3. तुमचे आकडे वेगळे असतील, पण ही वजाबाकी पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर मांडली नाही तर समिती 3 च्या जागी 30 ची यादी करते.

मोकळा निधी वाढवायचा एक मार्ग म्हणजे प्रत्येक विभागाच्या तरतुदीतून दरवर्षी 1 टक्का मध्यवर्ती निधीत घेणं. पाच वर्षांत मूळ तरतुदीच्या जवळपास 5 टक्के जमतात. पण खरी किल्ली आहे निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागांमध्ये. 2,000 शिक्षक आणि सरासरी 30 वर्षांची सेवा धरली तर वर्षाला 65 च्या आसपास जागा सुटतात, पाच वर्षांत 330. जागा आपोआप जुन्या विभागाकडे परत जात असेल, तर आराखड्यात काहीही लिहा, विद्यापीठ होतं तसंच राहतं. सुटलेली प्रत्येक जागा आधी मध्यवर्ती खात्यात यावी. 60 टक्के जागा कार्यभार (विभाग किती विद्यार्थ्यांना शिकवतो ते) तपासून विभागांना परत द्या आणि 40 टक्के, म्हणजे 130 च्या आसपास, ठरवलेल्या प्राधान्यांसाठी ठेवा.

यात एक धोका आहे. ज्या विभागातले शिक्षक एकाच काळात भरती झाले, तिथे एकदम आठ-दहा जण निवृत्त होतात आणि तो विभाग केवळ वयामुळे रिकामा होतो. म्हणून प्रत्येक विभागाची किमान शिक्षकसंख्या आधीच लिहून ठेवावी.

आकडेमोड
वरच्या प्रतिसादातला ‘कार्यभार’ मोजतानाच सर्वांत जास्त चुका होतात. विद्यार्थीसंख्या विचारली की प्रवेश कक्ष एक आकडा देतो, परीक्षा विभाग दुसरा आणि लेखा विभाग तिसरा. तिन्ही बरोबर असतात, कारण एक जण प्रवेश मोजतो, दुसरा परीक्षेला बसलेले आणि तिसरा शुल्क भरलेले. वर्षातली एक तारीख ठरवा आणि सगळे आकडे त्याच तारखेचे घ्या.

मग तक्ता करा : आडव्या ओळींत शिकवणारे विभाग, उभ्या रकान्यांत विद्यार्थ्यांचे अभ्यासक्रम. गणित विभागाच्या पदवीला 120 विद्यार्थी असतात, म्हणून तो छोटा वाटतो. पण इतर शाखांचे 3,000 विद्यार्थी वर्षातल्या 12 विषयांपैकी एक विषय त्याच्याकडे शिकत असतील, तर हा आणखी 250 पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतका भार झाला. हा तक्ता न करता काटछाट केली की गणित, भाषा, संख्याशास्त्र यांच्यावर आधी कुऱ्हाड पडते आणि दोन वर्षांनी अभियांत्रिकीच्या वर्गांना शिक्षक मिळत नाहीत.

विद्यार्थी प्रगती कक्ष
एकच प्राधान्य निवडायचं असेल तर मी पदवी पूर्ण होण्याचं प्रमाण निवडेन. त्यासाठी एका वर्षी प्रवेश घेतलेली पूर्ण तुकडी धरून ती सहा वर्षं मोजत जायची. वार्षिक निकालाच्या टक्केवारीत मध्येच सोडून गेलेली मुलं दिसतच नाहीत.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण 2003 मध्ये 32 टक्के होतं, पुढे ते 50 च्या वर गेलं. त्यांनी कामं ठरावीक केली. विद्यार्थी मागे पडत असल्याच्या 800 हून जास्त धोक्याच्या खुणा संगणकावर रोज तपासल्या जातात आणि खूण दिसली की समुपदेशक विद्यार्थ्याला बोलावतो. किरकोळ थकबाकीमुळे नाव कमी होणाऱ्या, पदवीच्या जवळ आलेल्या मुलांना 2011 पासून छोटी अनुदानं दिली जातात. नुसती संगणक प्रणाली विकत घेऊन हे होत नाही. इशारा आला आणि बोलावणारा माणूस नसला, तर इशारे साचत जातात. आधी समुपदेशकांच्या जागा भरा.

माजी अधिष्ठाता
प्राधान्यं चार-पाचच ठेवा. प्रत्येकाला एक कसोटी लावा : याच्या उलट भूमिका एखादं शहाणं विद्यापीठ घेऊ शकेल का? ‘गुणवत्ता वाढवणे’ याच्या उलट कुणीच बोलणार नाही, म्हणून त्यातून काही ठरत नाही. ‘पुढची पाच वर्षं नवे पदव्युत्तर अभ्यासक्रम न काढता पहिल्या वर्षाच्या वर्गांचा आकार कमी करणे’ यावर वाद होतो, म्हणजे त्यात निवड आहे.

विभागांना काय हवं ते विचारू नका, याद्या येतात. एका पानाचा अर्ज द्या : काय वाढवाल, त्यासाठी काय थांबवाल, आणि तीन वर्षांनी कोणत्या आकड्यावरून फरक कळेल. मधला रकाना कोरा असेल तर अर्ज परत पाठवा.

सगळ्या अभ्यासक्रमांना क्रमांक लावायचा मोह टाळा. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात दोन कार्यगटांनी सगळ्या कार्यक्रमांची पाच गटांत विभागणी केली. नंतर त्यातून बेतलेल्या योजनेवर जाहीर टीका करणाऱ्या सार्वजनिक आरोग्य शाखेच्या प्रमुखाला काढण्यात आलं आणि वाद इतका पेटला की मे 2014 मध्ये नियामक मंडळाने अध्यक्षांनाच पदावरून दूर केलं. बचतीचं गणितही फसवं असतं. अभ्यासक्रम बंद केला तरी शिक्षक कायम असतात, विषय इतर अभ्यासक्रमांशी सामायिक असतात आणि प्रवेश दिलेल्या मुलांना पदवीपर्यंत न्यावंच लागतं. चार वर्षांच्या पदवीला त्यात चार ते सहा वर्षं जातात.

इमारत व मालमत्ता
अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1990 मध्ये सुचवलेलं प्रमाण लक्षात ठेवा : इमारत आज नव्याने बांधायला जेवढे लागतील त्याच्या 2 ते 4 टक्के दरवर्षी देखभालीला. म्हणजे 100 च्या इमारतीला तीस वर्षांत 60 ते 120. देणगीदार बांधकामाला पैसे देतो, छप्पर गळायला लागल्यावर देत नाही. नव्या बांधकामाच्या प्रस्तावासोबत देखभालीचा निधी कुठून येणार हे लिहिल्याशिवाय तो व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवूच नये.

संशोधन कक्ष
संशोधनाचं क्षेत्र निवडताना आधी वेगवेगळ्या विभागांत मिळून त्यावर काम करणारे किती जण आहेत ते मोजा. आठ-दहा नसतील तर एक नामांकित प्राध्यापक आणून काही होत नाही, तो गेला की उपकरणं पडून राहतात. शोधनिबंधांची संख्या हे उद्दिष्ट ठेवू नका. तसं केलं की एका प्रयोगाचे तीन तुकडे करून तीन निबंध छापले जातात. बाहेरून येणाऱ्या प्रकल्प निधीत वीज, जागा, लेखापाल यांचा खर्च धरलेला आहे का तेही पाहा. नसेल तर मोठा प्रकल्प शिकवण्याचे पैसे खातो.

धागाकर्ता
हे विद्यापीठाने एकट्याने ठरवायचं, की सरकारनेही?

कुलसचिव कार्यालय
काही गोष्टी वरच ठरतात. कॅलिफोर्नियाच्या 1960 च्या आराखड्याने प्रवेशाची विभागणीच करून दिली : शाळा संपवणाऱ्यांपैकी वरचे 12.5 टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांकडे, बाकी सर्वांना सामुदायिक (दोन वर्षांची, स्थानिक) महाविद्यालयं खुली. असं वाटप जिथे नाही, तिथे प्रत्येक विद्यापीठ सगळंच करायला जातं. अशा वेळी आपण काय करणार नाही, हे सरकारला लेखी कळवून मान्य करून घ्यावं.

तारखांचंही बघा. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची मागणी विभागांकडून मागवली जाते, त्याआधी आराखडा मंजूर झालेला हवा. नंतर झाला तर पहिलं वर्ष जुन्याच तरतुदींवर जातं. कुलगुरूंची मुदत पाच वर्षांची असेल तर मसुदा पहिल्या दहा महिन्यांत पुरा करा. आणि प्रत्येक प्राधान्यासमोर अंदाजपत्रकातला लेखाशीर्ष क्रमांक, म्हणजे पैसे कोणत्या खात्यातून येणार तो क्रमांक, लिहा. तो रकाना रिकामा असलेली ओळ छपाईला जाण्याआधी काढून टाका.