मेल परत जातायत, साइट दोन जागी दोन दिसते: एनएसलुकअप ‘आत शिरून’ कसं वापरायचं?

हळदीचं_पोतं (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. सांगलीत आमचं हळदीचं छोटं काम आहे: पॉलिश, दळण, पॅकिंग. मी हिशेब बघते, आणि कॉम्प्युटरचं जे काही निघेल तेही माझ्याच टेबलावर येतं. शनिवारी वेबसाइट नव्या होस्टिंगवर हलवली आणि डोमेन जिथून घेतलंय तिथे नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे आणि विचारल्यावर सांगणारे सर्व्हर) बदलले. तेव्हापासून ऑफिसच्या वायफायवर जुनी साइट दिसते, माझ्या मोबाइलच्या डेटावर नवी. दोन दिवसांत सरळ होईल असं सगळे म्हणतात, म्हणून गप्प बसले होते.

पण आज दोन गिऱ्हाइकांचे फोन आले, त्यांचे मेल परत जातायत. मेलला आम्ही हातही लावलेला नाही, ती सेवा तिसऱ्याच कंपनीकडे आहे. होस्टिंगवाले म्हणाले, ‘एनएसलुकअप करून बघा,’ म्हणजे डोमेनच्या नोंदी विचारायची आज्ञा. केलं. एक आकडा येतो, त्यातून मला काही उमगत नाही. नाव न देता नुसतं एनएसलुकअप टाइप केलं तर > असं चिन्ह येऊन ते थांबून राहतं. पुढे काय विचारायचं असतं? की मी दुसरंच काही शिकावं? ऑफिसात विंडोज आहे. कृपया पायऱ्या सांगा, पण कारणासकट सांगा, म्हणजे पुढच्या वेळी माझं मला करता येईल.

खिडकीजवळचा (सोमवार, रात्री ९.४८)

ताई, ते > चिन्ह येऊन थांबतं तिथेच तुमचं काम आहे. बाहेर राहून नुसतं नाव टाकलं तर दर वेळी त्याच सर्व्हरला विचारलं जातं. आत गेल्यावर ‘कोणाला विचारायचं’ आणि ‘काय विचारायचं’ हे दोन्ही बदलत जाता येतं, आणि तुमच्या अडचणीत कोणाला विचारलं यावरच सगळं अडलंय.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना रोमन अक्षरं. तुमच्या नावाच्या जागी एक्झाम्पल.कॉम धरतो, ते नाव अशा उदाहरणांसाठीच राखलेलं आहे.)

आत गेल्या गेल्या ‘डिफॉल्ट सर्व्हर’ आणि त्याचा पत्ता दिसतो. तिथे ‘अननोन’ लिहिलं असेल तर घाबरू नका. त्या पत्त्यावरून उलटं नाव शोधता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुधा तो तुमचा राउटरच असेल. आता नुसतं नाव टाइप करा आणि शेवटी एक टिंब द्या. टिंब दिलं नाही तर विंडोज कधी कधी ऑफिसच्या नेटवर्कचं शेपूट नावाला जोडून भलतंच विचारतं. या टिंबापायी मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

उत्तरावर ‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह आन्सर’ असेल. म्हणजे हे ऐकीव उत्तर आहे: राउटरने किंवा इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरने मागे कधीतरी विचारून जपून ठेवलेलं. मोबाइल कंपनीचा सर्व्हर वेगळा, त्याने वेगळ्या वेळी विचारलं, म्हणून तिथे नवी साइट. दोघंही आपापल्या परीने खरंच सांगतायत.

ऐकीव सोडून ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्याच्याकडे जायचं. त्यासाठी:

सर्व्हर ८.८.८.८
सेट टाइप=एनएस
एक्झाम्पल.कॉम.

पहिल्या ओळीने राउटर बाजूला ठेवून गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला विचारायला लागलो. पुढच्या दोन ओळींनी या नावाचे नेमसर्व्हर कोण ते कळेल. ‘सर्व्हर’ आणि त्यापुढे त्यातल्या एकाचं नाव लिहा, एंटर. आता तुम्ही थेट मालकासमोर बसलात. ‘सेट टाइप=ए’ (साइटचा पत्ता) करून नाव विचारा, मग ‘सेट टाइप=एमएक्स’ (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ती नोंद) करून पुन्हा तेच नाव. ‘नॉन-ऑथोरिटेटिव्ह’ ही ओळ आता दिसता कामा नये.

एक अडथळा येईल. एका नेमसर्व्हरवरून दुसऱ्याकडे जाताना ‘सर्व्हर’ चालणार नाही, कारण आपल्या झोनबाहेरच्या, म्हणजे स्वतःकडे नोंदी नसलेल्या नावाची चौकशी तो सहसा करून देत नाही. तिथे ‘एलसर्व्हर’ वापरा. त्याने नवं नाव तुमच्या अगदी पहिल्या सर्व्हरकडून शोधलं जातं. बाहेर पडायला ‘एक्झिट’.

नव्या आणि जुन्या, दोन्ही नेमसर्व्हरांना विचारा आणि जे येईल ते इथे टाका. इथे लिहिताना खरे पत्ते मात्र बदला.

कळफलक (सोमवार, रात्री १०.२०)

माझा सल्ला थोडा वेगळा. शिकायचंच असेल तर डिग शिका, हेच काम करणारी दुसरी आज्ञा. सर्व्हरने जे धाडलं ते डिग भागाभागांनी जसंच्या तसं दाखवतं: प्रश्न, उत्तर, कोणाच्या अधिकारात, किती सेकंद जपायचं. एनएसलुकअप स्वतः ठरवून त्यातलं बरंच गाळतं. शिवाय ‘+ट्रेस’ दिलं की डिग मूळ सर्व्हरपासून (सगळ्या नावांचा शोध जिथून सुरू होतो ते; ए ते एम अशी त्यांची १३ नावं) एकेक पायरी उतरत तुमच्या नेमसर्व्हरपर्यंत येतं, आणि दोरा कुठे तुटला ते डोळ्यांना दिसतं. उबंटूवर डीएनएसयुटिल्स आणि फेडोरावर बाइंड-युटिल्स या पॅकेजमध्ये मिळेल.

बाइंडवाल्यांनी (डिग आणि एनएसलुकअप ज्यात येतात ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी) एके काळी एनएसलुकअप उघडताच ‘हे पुढे काढून टाकलं जाईल’ असा इशारा छापायला सुरुवात केली होती. तो नंतर मागे घेतला, पण बऱ्याच जणांचं मन तेव्हाच उडालं. माझंही.

खिडकीजवळचा (सोमवार, रात्री १०.३१)

डिगबद्दल जे लिहिलंत ते सगळं मान्य. पण विंडोजवर ते आयतं नसतं आणि ताईंना आज रात्री उत्तर हवंय. गाळलेलं परत मिळवायला ‘सेट डीबग’ आहे. ते चालू केलं की टीटीएलसुद्धा दिसतो, म्हणजे हे उत्तर अजून किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा. बंद करायला ‘सेट नोडीबग’. ताई, राउटरला विचाराल तेव्हा हे चालू ठेवा.

हळदीचं_पोतं (मंगळवार, सकाळी ७.१५)

केलं! एलसर्व्हरपाशी खरंच अडले होते, तुमची ओळ वाचून सुटले. हे आलं:

राउटर: साइटचा पत्ता १९२.०.२.१० (जुना), टीटीएल ५१,८४०, पुढे लिहिलंय १४ तास २४ मिनिटं.
नवा नेमसर्व्हर: १९८.५१.१००.२० (नवा).
जुना नेमसर्व्हर: तो अजून उत्तर देतोय! १९२.०.२.१०.

एमएक्स विचारल्यावर जुन्याने मेल कंपनीची दोन नावं दिली, १० आणि २० आकड्यांसह. नव्याने मात्र नाव दिलंच नाही. ‘प्रायमरी नेम सर्व्हर’, ‘सीरियल’, ‘रिफ्रेश’, ‘रिट्राय’, ‘एक्स्पायर’ आणि शेवटी ‘डिफॉल्ट टीटीएल = ३६००’ असं काहीतरी आलं. एरर नाही, म्हणून मला वाटलं बरोबर असेल.

खिडकीजवळचा (मंगळवार, सकाळी ७.४०)

तेच दुखणं! एमएक्स विचारल्यावर एसओएचे (झोनच्या माहितीच्या नोंदीचे) आकडे आले, याचा अर्थ ‘हे नाव माझ्याकडे आहे, पण त्याचा एमएक्स माझ्याकडे नाही.’ नावच नसतं तर ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ असं आलं असतं. विंडोजवर हे रिकामं उत्तर भरल्यासारखं दिसतं, म्हणून फसायला होतं.

नेमसर्व्हर बदलले तेव्हा नोंदींची सगळी वही नव्या होस्टिंगकडे गेली, आणि त्यांनी त्यात फक्त साइटची पानं लिहिली. तुम्ही मेलला हात लावला नाहीत हे खरं, पण मेलचा पत्ता त्याच वहीत होता. एमएक्स सापडला नाही की पाठवणारा सर्व्हर नियमाप्रमाणे साइटच्या पत्त्यावरच मेल द्यायला जातो. तिथे तुमची मेलपेटी नाही, मग तो परत येतो. ज्यांच्याकडे जुनी नोंद अजून जपलेली आहे त्यांचे मेल पोचतायत, म्हणून तक्रार दोघांचीच आली. बाकीच्यांची आज-उद्या येईल.

जुना सर्व्हर अजून बोलतोय हे तुमचं नशीब. तो गप्प व्हायच्या आत सगळं उतरवून घ्या. त्याच्यासमोर बसून ‘सेट टाइप=टीएक्सटी’ करून नाव विचारा, ‘व्ही=एसपीएफ१’ने सुरू होणारी ओळ मिळेल, ती एसपीएफ: तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी. ती नव्या वहीत नसेल तर तुम्ही पाठवलेले मेल समोरच्यांच्या स्पॅममध्ये जाऊ लागतील. मग नावाच्या आधी ‘_डीमार्क.’ जोडून त्याची टीएक्सटी नोंद विचारा (तपासणीत न बसलेल्या मेलचं काय करायचं ते ती सांगते).

डीकेआयएमची (मेलवरची सही पडताळायची) नोंद मात्र नाव माहीत असल्याशिवाय विचारता येत नाही. तुम्हीच पाठवलेला एखादा जुना मेल दुसऱ्या खात्यात उघडा आणि मूळ स्वरूपात बघा. ‘डीकेआयएम-सिग्नेचर’च्या ओळीत ‘एस=’ पुढे एक शब्द असेल. तो शब्द, टिंब, ‘_डोमेनकी’, टिंब, तुमचं नाव: एवढं जोडून विचारा.

कळफलक (मंगळवार, सकाळी ८.०५)

एनएसलुकअपमध्ये ‘एलएस’ लिहून सगळी वही एका दमात मागता येते असं कुठे वाचलंत तर त्यामागे वेळ घालवू नका. अनोळखी माणसाला पूर्ण झोन द्यायला सर्व्हर बहुतेक वेळा नकार देतात, आणि द्यायलाही नको. एकेक प्रकार विचारणं हाच मार्ग.

नव्या वहीत एमएक्स भरताना पुन्हा ते टिंब सांभाळा. काही पॅनलमध्ये (होस्टिंगच्या नोंदी भरायच्या पानावर) मेल सर्व्हरच्या नावाशेवटी टिंब नसलं तर तुमचंच डोमेन मागे चिकटतं आणि पत्ता भलताच होतो. भरून झालं की नव्या नेमसर्व्हरला विचारून डोळ्यांनी बघा, पॅनलच्या हिरव्या टिकवर जाऊ नका.

देवनागरी_दार (मंगळवार, सकाळी ९.३०)

ताई, एक जोड. तुमचं .भारतमधलं देवनागरी नावही असेल, तर तेही असंच तपासा. .भारत २०१४ पासून मिळतंय. डीएनएसच्या (नावावरून पत्ते शोधायच्या या सगळ्या व्यवस्थेच्या) आत ते ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ अशा रूपात राहतं. एनएसलुकअपमध्ये हे रूपांतरित नाव दिलेलं बरं, काळ्या खिडकीत देवनागरी अक्षरं नीट जातीलच असं नाही. नोंदी मात्र अगदी तशाच, एमएक्ससुद्धा. आमच्या वाचनालयाच्या नावाला तो लावायचा आम्ही विसरलो होतो.

हळदीचं_पोतं (मंगळवार, सकाळी ११.५०)

देवनागरी नाव अजून घेतलेलं नाही, लिहून ठेवलं. १० चा आणि २० चा, दोन्ही एमएक्स भरले, एसपीएफ आणि डीकेआयएमही. डीमार्क जुन्याकडेही नव्हतं. नवा नेमसर्व्हर आता बरोबर सांगतोय. पण ८.८.८.८ ला विचारलं तर अजून रिकामंच! पुन्हा काही चुकलं का?

खिडकीजवळचा (मंगळवार, दुपारी १२.१०)

काही चुकलेलं नाही. ‘नाही’ हे उत्तरसुद्धा जपून ठेवलं जातं. किती वेळ ते एसओएच्या त्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं. तुमचा ३६००, म्हणजे फार तर एक तास.

आता जुन्या होस्टिंगला लिहून तुमची वही त्यांच्या नेमसर्व्हरवरून काढायला सांगा, पण उतरवलेलं सगळं नव्याकडे आहे ना हे एकदा ताडून मगच. ते बोलत राहिले तर काही सर्व्हर त्यांनाच पुन्हा पुन्हा विचारत राहतील आणि जुनी साइट रेंगाळेल. राउटर रात्रीपर्यंत वळेल. त्यानंतरही ब्राउझरमध्ये जुनी दिसली आणि एनएसलुकअपमध्ये नवी, तर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ करा (कॉम्प्युटरने जपलेली उत्तरं पुसली जातात) आणि होस्ट्स फाइल, म्हणजे कॉम्प्युटरवरचीच नाव-पत्त्यांची यादी, बघा. एनएसलुकअप ती फाइल वाचत नाही, म्हणून दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

आणि पुढच्या वेळी हलवण्याच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणून ठेवा.

हळदीचं_पोतं (मंगळवार, दुपारी १.०५)

८.८.८.८ वर दोन्ही एमएक्स आले! गिऱ्हाइकाला फोन करून मेल पुन्हा पाठवायला लावला, पोचला. तुमचे आणि कळफलक यांचे मनापासून आभार, दोघांनी किती वेळ दिलात. आता १.१.१.१ आणि ९.९.९.९ या दुसऱ्या सार्वजनिक सर्व्हरांनाही विचारते. राउटर अजून जुनंच सांगतोय, टीटीएल सकाळच्या हिशेबाने उतरताना दिसतोय. रात्री साडेनऊच्या सुमाराला शून्यावर येईल, तेव्हा परत बघून इथे लिहिते.